गेंड्यावरची पोथी

सारजाबाईंनी देवघरातलं पोथीचं लाल गाठोडं उचलून डोक्यावर घेतलं, आणि चुलीपुढं बसलेल्या शिवकन्येच्या हातातली भाकरी तव्यावर न पडता थेट राखेत पडली.

"आत्याबाई, पोथी कुठं निघाली?"

"कुठं म्हंजे? देवळात. सप्ताह बसतोय आजपासून. ध्यान कुठंय तुझं?"

"पण महालिंगप्पा काका दरसाली त्यांची पोथी आणतात की."

"त्यांच्या डोळ्याचं आपरेशन झालंय. औंदा ते निस्ता अर्थ सांगणार. वाचायला तू. म्या गावभर सांगून ठेवलंय, माझी सून बी.ए. हाय म्हणून. आन् सून आपली म्हणल्यावर पोथी बी आपलीच पायजे. चल, साडी बदल."

शिवकन्या बी.ए. होती हे खरं, पण त्या घडीला तिला स्वतःचं नावसुद्धा आठवेना. कारण गाठोड्यात पोथी नव्हती. गाठोड्यात 'नऊ सुळक्यांचं राज्य' होतं.

हे असं का होतं, ते सांगायला हवं. शिवकन्येचे सासरे महारुद्र आप्पा म्हणजे देवळाच्या कमिटीचे अध्यक्ष. बाईच्या हातात पुस्तक आलं की चूल विझते, असं त्यांचं मत. आता ज्या घरात चूल आपोआप पेटत नाही, एक बाई ती रोज पहाटे फुंकून पेटवते, त्या घरातल्या पुरुषाने चुलीवर मत द्यावं हीच मुळात गंमत आहे. पण मत होतं. मागच्या दिवाळीत शिवकन्येने वाचनालयातून आणलेली एक जाडजूड कादंबरी आप्पांनी अंघोळीच्या बंबात घातली, तिच्यावर पाणी तापवलं आणि त्या पाण्याने 'हर हर महादेव' करत अंघोळ केली.

वाचनालय गावाच्या खालच्या अंगाला, बौद्ध वस्तीतल्या समाजमंदिराच्या एका खोलीत. ते चालवते पौर्णिमा. शिवकन्येची तिथली एकुलती मैत्रीण. जळालेल्या पुस्तकाचं ऐकून तिने आरडाओरडा केला नाही. एवढंच म्हणाली, "हे बघ शिवे, तुझ्यावर राग न्हाय. पण पुस्तकं काय बंबासाठी येत न्हाईत. आणखी एक गेलं की तुझं नाव कमी करावं लागंल."

म्हणून शिवकन्येने घरातली सगळ्यात सुरक्षित जागा शोधून काढली. पोथीला आपल्याकडे हळदकुंकू लावतात, फुलं वाहतात, पाया पडतात. उघडत कुणी नाही. तिने खरी पोथी आपल्या लग्नातल्या शालूत गुंडाळून कपाटात ठेवली आणि तिच्या लाल फडक्यात दंडकीला बांधलं.

दंडकी ही त्या कादंबरीतली राजकन्या. दुपारी घर पेंगुळलं की शिवकन्या देवघरात बसायची. सासूला वाटायचं सून लई धार्मिक निघाली. आणि सून तिथं दंडकीसोबत गेंड्यावर बसून नऊ सुळके पालथे घालत असायची. पुस्तक अजून संपलं नव्हतं. संपू नये म्हणून ती दोन-दोन पानं पुरवून वाचत होती, लोणचं पुरवावं तसं.

आता ते लोणचं सगळ्या गावात वाटायची वेळ आली होती.

*

देवळाचा सभामंडप बायकांनी भरला होता. पुरुष बाहेर पारावर. पुरुषांनी पोथी पारावरूनच ऐकायची असते, म्हणजे तंबाखू मळता येते आणि पुण्यही लागतं.

"मामा," शिवकन्या सासऱ्याला हळूच म्हणाली, "पोथी जरा बदलून आणू का घरून? ही जुनी झालीय, पानं..."

तेवढ्यात महारुद्र आप्पांनी नारळ फोडला.

"आता न्हाय," ते म्हणाले. "नारळ फुटला की पोथी हलायची न्हाय आन् वाचणारी उठायची न्हाय. समाप्ती हुईपर्यंत पोथी देवापुढंच ऱ्हाती. अर्धी सोडलेली पोथी घर बुडवती. काय काका?"

"बुडवतीच," महालिंगप्पा म्हणाले. डोळ्यांवर हिरवा चष्मा लावून ते खांबाला टेकून बसले होते. या माणसाचा एक गुण सांगितलाच पाहिजे. साऱ्या हयातीत त्यांनी 'मला कळलं नाही' हे वाक्य उच्चारलं नव्हतं. अर्थ सांगणाऱ्याला ते परवडत नाही.

शिवकन्येने पदर पुढं ओढून गाठ सोडली. वाचनालयाने पुस्तकाला जाड तांबड्या पुठ्ठ्याची साधी बांधणी केली होती, तेवढं नशीब. पहिल्या पानावर मात्र वाचनालयाचा जांभळा, वाटोळा शिक्का होता. तिने त्यावर पटकन बेलाची पानं पसरली, शंकराला हात जोडले आणि विचार केला, आज कशीबशी दोन पानं वाचू, मग बघू. तिने पोथीची चाल धरली. ही चाल अशी चीज आहे की तिच्यात बाजारभाव म्हटले तरी ऐकणारा डोळे मिटून डोलायला लागतो.

"नऊऽ सुळक्यांच्याऽ राज्यातऽ, दंडकी नावाचीऽ राजकन्याऽ होतीऽ. खांदे तिचे चौकटीएवढे, आणि डोईचे केस तिनेऽ आपल्या हाताने भादरले होतेऽ."

सारजाबाई डोळे मिटून बसल्या होत्या. त्यांनी एक डोळा उघडला, सुनेकडे पाहिलं आणि परत मिटला.

शिवकन्या वाचत राहिली. दंडकीचं स्वयंवर मांडलं. सात राजपुत्र आले. कुणी धनुष्य मोडलं, कुणी वाघ मारला. दंडकीने सगळ्यांना एकच प्रश्न विचारला, भाकरी थापता येते का? सातही जण एकमेकांकडे बघत राहिले. दंडकी म्हणाली, "मग जेवणार काय, धनुष्य?" आणि मांडवातल्या पंगतीला पहिल्या पाटावर स्वतः बसली, पोटभर जेवली, ढेकर दिली, मांडवाबाहेर बांधलेला बापाचा गेंडा सोडला आणि त्याच्या पाठीवर बसून निघून गेली.

"अर्थ," महालिंगप्पा म्हणाले आणि त्यांनी घसा साफ केला. घसा साफ करायला जेवढा वेळ लागला तेवढ्यात त्यांनी अर्थ जुळवला. "सात राजपुत्र म्हणजे सात विकार. दंडकी म्हणजे जीवात्मा. आन् गेंडा म्हणजे अहंकार. जीवात्मा अहंकारावर बसून भटकतो, असा याचा अर्थ."

"आन् केस?" मागून कुणीतरी विचारलं.

"केस म्हणजे वासना. ती भादरून टाकायची."

मागच्या खांबाआड शिवगंगा बसली होती. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. हळदीकुंकवाला तिला कुणी बोलावत नाही, म्हणून पोथीलाही ती आपली खांबाआड बसते. ती कधी बोलत नाही. त्या दिवशी बोलली.

"वासना न्हाय काका. केस. धरून वढत्यात बघा, त्येच केस. पोरीनं धरायला काय ठिवलंच न्हाय."

महालिंगप्पांनी चष्मा काढून पुसला आणि परत लावला. डॉक्टरांनी काढू नका म्हणून सांगितलं होतं.

*

दुसऱ्या दिवशी शिवकन्येने शालूतली खरी पोथी काढून पदराखाली धरली आणि भर दुपारी देऊळ गाठलं. गाभाऱ्याला कुलूप. किल्ली महारुद्र आप्पांच्या करदोट्याला, आणि आप्पा ईट गावच्या बाजाराला गेलेले. दंडकी आत देवापुढं पाटावर, डोक्यावर झेंडू घेऊन बसलेली. शिवकन्या जाळीतून तिच्याकडे पाहत उभी राहिली. हातात कुऱ्हाड घेऊन इतकी वर्षं पुरुषांनी बंद केलेल्या बाया सोडवत हिंडलेली दंडकी, आणि तिलाच आज कुलूप.

संध्याकाळी मंडपात बसायला जागा उरली नाही. एरवी पोथीला येणाऱ्या निम्म्या बाया झोप काढायला येतात. आज बाया गुरांचं आटोपून, लेकरांना दामटून आधीच येऊन बसल्या होत्या. महारुद्र आप्पा गर्दी बघून खूश.

"बघा," ते पारावर म्हणाले, "बी.ए. सून. आवाजच तसा हाय." आणि त्याच खुशीत त्यांनी भोंगा लावायला सांगितला.

भोंग्यावरून दंडकी साऱ्या शिवारात पोचली. दूध डेअरीवरची माणसं क्यान हातात धरून थांबली. पिठाची गिरणी बंद ठेवली गेली. आणि खालच्या वस्तीत, वाचनालयाच्या खोलीत झाडू मारणाऱ्या पौर्णिमाने झाडू खाली ठेवून कान टवकारले.

त्या दिवशी दंडकी एका गावात गेली. तिथल्या बायका म्हणाल्या, गेंड्यावर बसतेस, लाज नाही वाटत? दंडकी म्हणाली, गेंड्याला वाटली तर तो सांगेल.

महालिंगप्पांनी पुन्हा अहंकार काढला. पण आता मंडप तयार झाला होता.

"काका," सारजाबाई म्हणाल्या, "गेंडा म्हंजे अहंकार, तर ती त्याला वैरण का घालती? काल जीवात्मा म्हणालात, जीवात्मा बाजारात जाऊन कांदे घेतो व्हय?"

"सारजा, पोथीत शंका काढायची नसती."

"शंका न्हाय. इचारतीया. तिला लगीन करायचं नव्हतं, म्हणून केलं न्हाय. ह्याच्यात अर्थ कशाला पायजे? गडी लगीन न करता डोंगरात गेला की त्याला साधू म्हणता. तवा अर्थ इचारत न्हाईत कुणी."

"पर आत्या," एक नवी नवरी म्हणाली, "बाईमाणसानं एवढं खावं का? अख्खी कढई संपिवली तिनं."

"भूक लागली आसंल."

"आन् ढेकर?"

"कढई संपिवल्यावर काय जांभई येती?"

महालिंगप्पा घामाघूम. तेवढ्यात कुणीतरी त्यांच्यावर शेवटचा धोंडा टाकला. "काका, ह्या पोथीचा नेम काय? प्रत्येक पोथीला नेम आसतो."

नेम बिम काही नाही, ही कादंबरी आहे, असं शिवकन्येच्या ओठांवर आलं. पण महालिंगप्पा गप्प बसते तर ना.

"नेम आसा," ते म्हणाले, "की देवी जे करती ते ऐकणारीनं सप्ताहभर करायचं."

"म्हंजे आधी जेवायचं?"

महालिंगप्पांना माघार माहीत नव्हती. "आधी जेवायचं," ते म्हणाले.

*

त्या रात्री महारुद्र आप्पा पाय धुऊन पाटावर येऊन बसले. पुढं ताट नव्हतं. चुलीजवळ सारजाबाई आणि शिवकन्या समोरासमोर बसून जेवत होत्या. सारजाबाईंच्या ताटात गरम भाकरी, तिच्यावर ठेचा, बाजूला कांदा. चाळीस वर्षांच्या संसारात सारजाबाईंनी गरम भाकरी खाल्लेली आप्पांनी प्रथमच पाहिली. कशी खातात तेही त्यांना नवीनच होतं.

"माझं ताट?"

"जेवतीया. थांबा."

"म्या थांबू?"

"पोथीचा नेम हाय. सप्ताह संपंपर्यंत."

"कुणी सांगितला नेम?"

"महालिंगप्पा काकांनी. तुमच्याच कमिटीनं बसवलंय त्यास्नी."

आप्पांनी मुलाकडे पाहिलं. रणधीर, म्हणजे शिवकन्येचा नवरा, शहाणा माणूस. तो आधीच परातीत पीठ घेऊन बसला होता. "बाबा, म्या आपलं थापून बघतोय. तुमची बी टाकू का एक?"

रणधीरची भाकरी श्रीलंकेच्या आकाराची झाली. आप्पांनी ती निमूट खाल्ली.

दुसऱ्या दिवशी पारावर तक्रारींचा पाऊस. "आप्पा, औंदा पोथी लई कडक लावलीय." "आप्पा, आमच्यात तर कालवण उरलंच न्हाय." "आप्पा, ही देवी कुठली? तुळजापूरला तर आसलं काय बघितलं न्हाय." आप्पा काय बोलणार? देऊळ त्यांचं, कमिटी त्यांची, भोंगा त्यांचा, सून त्यांची.

"नेम म्हंजे नेम," ते म्हणाले. "पर ऐकलं का, काल ती दलदलीत फसली. गेंड्याचा पाय मोडला की काय?"

"मोडला नसंल आप्पा. मुरगळला आसंल."

आणि मग पारावर बराच वेळ गेंड्याच्या पायावर चर्चा झाली. आंबेहळद लावावी की चुना, यावर दोन गट पडले.

*

समाप्तीच्या आदल्या दुपारी पौर्णिमा घरी आली. सारजाबाई आत धान्य निवडत होत्या, म्हणून दोघी अंगणात लिंबाखाली उभ्या राहिल्या.

"शिवे, माझं पुस्तक भोंग्यावर वाजतंय."

"हळू बोल गं." शिवकन्येने घडलं ते सगळं सांगितलं. फडकं, नारळ, कुलूप, करदोटा. सांगता सांगता तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "उद्या समाप्ती. पोथीचं पहिलं पान उघडून मामा स्वतः हळदकुंकू वाहणार. त्या पानावर तुझ्या वाचनालयाचा शिक्का हाय. बंबात जाईल पुस्तक. आन् मग तू बी मला..."

पौर्णिमा लिंबाच्या बुंध्याला धरून हसायला लागली.

"हसतीस काय?"

"आगं, माझ्या आजीला त्या देवळाच्या पायरीवर उभं राहू दिलं न्हाय. मेली तरी ती त्या वाटंनं गेली न्हाय. आन् माझ्या वाचनालयाचं पुस्तक आठवडाभर गाभाऱ्यात पाटावर बसून झेंडू घेतंय. मी हसू नको तर काय करू?" तिने डोळे पुसले. "माझ्या खोलीत महिन्याला चार बाया येत न्हाईत. म्हणतात, तिकडं कुठं जायचं. हितं तुझ्यापुढं आख्खं गाव बसलंय. शेवट वाचलास का तू?"

"न्हाय. पुरवून वाचत होते."

"आसं का," पौर्णिमा म्हणाली, आणि तिचा चेहरा एकदम साळसूद झाला. "मग उद्या मी बी येते ऐकायला."

"देवळात?"

"पुस्तक माझं हाय. ते बसलंय तर मी उभी तर राहीन."

*

समाप्तीला महाप्रसादाच्या कढया चढल्या होत्या. शिवगंगा रोज थोडी थोडी पुढं सरकत आज पहिल्या रांगेत पोचली होती आणि तिला मागं हो म्हणायची कुणाची छाती झाली नव्हती. पौर्णिमा मंडपाच्या दाराशी उभी होती. दोघा-तिघा म्हाताऱ्यांनी भुवया वर केल्या, पण भोंगा चालू होता. भोंग्यापुढं कुणी काय बोलणार?

शिवकन्येने शेवटची पानं उघडली. तिलाही पुढचं माहीत नव्हतं. चाल कधी सुटली ते तिला कळलंच नाही. ती सरळ, भराभर वाचत होती. शत्रूने दंडकीला नवव्या सुळक्यावर गाठलं. खाली दरी. सेनापती म्हणाला, गेंडा दे, कुऱ्हाड टाक, केस वाढव, आणि माझ्या राजाशी लग्न कर, तर जीव वाचेल. दंडकी म्हणाली, "एवढं सगळं केल्यावर वाचेल तो जीव कुणाचा?" आणि तिने गेंड्याला टाच मारली. गेंड्याने दरीत उडी घेतली. दंडकीच्या हाताला कड्यावरची एक मुळी लागली. मुळी तुटत होती.

शिवकन्येने पान उलटलं. पलीकडे कोरं पान. मधोमध एक ओळ.

"पहिला भाग समाप्त," ती म्हणाली.

भोंग्यातून नुसती खरखर ऐकू येत राहिली.

"समाप्त," महारुद्र आप्पा पारावरून उठून आत आले. "बोला हर हर महादेव. आरती घ्या."

"कशाची आरती?" सारजाबाई म्हणाल्या. "ती कड्याला लोंबकळतीया."

"सप्ताह संपला की."

"सप्ताह संपला, पोथी कुठं संपली? अर्धी सोडलेली पोथी घर बुडवती. आमी न्हाय, तुमीच म्हणलात. नारळ फोडून म्हणलात."

बायांमधून एकच आवाज निघाला, पोळं हलवल्यासारखा. आप्पांनी हात वर केला. "बरं, बरं. दुसरा भाग आसंल घरात. शिवकन्या, कुठाय दुसरा भाग?"

शिवकन्येने मान खाली घातली. उत्तर दारातून आलं.

"माझ्याकडं हाय, आप्पा," पौर्णिमा म्हणाली. "वाचनालयात. डाव्या कपाटात, वरून दुसऱ्या फळीवर."

आप्पा पाटापाशी गेले. पहिलं पान उघडलं, बेलाची पानं बाजूला सारली. खाली जांभळा, वाटोळा शिक्का. त्यांनी तो वाचला. परत वाचला. त्यांचा चेहरा आधी पांढरा झाला, मग तांबडा.

"ही पोथी न्हाय," ते म्हणाले. भोंग्याने ते साऱ्या गावाला सांगितलं. "ही कादंबरी हाय. आठवडाभर देवापुढं कादंबरी वाचली हिनं. सारजा, तुझ्या सुनंनं गावाला फसवलं."

शिवकन्येने डोळे मिटून घेतले. तिच्या मनात बंब पेटला होता.

"कुणाला फसवलं?" सारजाबाई म्हणाल्या. "लगीन हून आल्यापासून दर श्रावणात ती पोथी ऐकतीया म्या. तोंडपाठ हाय मला. त्यात पहिल्या वळीला गणपती येतो. हितं पहिल्याच वळीला डोकं भादरलेली पोरगी आली. मला काय तवाच कळलं नसंल व्हय?"

आप्पांनी मंडपाकडे पाहिलं. "तुमाला?"

"कळलंतं की," शिवगंगा म्हणाली.

"मला बी," नवी नवरी म्हणाली. "पर म्हणलं कुणी बोललं तर बंद करतील."

मंडपातल्या सगळ्या माना हलल्या. साऱ्या गावात ज्यांनी पोथी खरोखर ऐकली होती, त्या सगळ्यांना पहिल्या संध्याकाळीच कळलं होतं. ज्यांनी ती पारावर बसून ऐकली होती, त्यांनाच तेवढा पत्ता नव्हता.

"काका," आप्पा शेवटच्या आशेने वळले, "तुमी तरी?"

महालिंगप्पांनी हिरवा चष्मा सारखा केला. "शंका आलती," ते म्हणाले. "पर अर्थ चांगला लागत होता."

आप्पा पाटावरचं पुस्तक हातात घेऊन उभे राहिले. सगळ्या मंडपाचे डोळे त्या हाताकडे. महाप्रसादाची चूल चार पावलांवर धडधडत होती. आप्पांनी चुलीकडे पाहिलं. मग पुस्तकाकडे. मग, कुणी विचारलं नसताना, त्यांनी शेवटचं कोरं पान उलटून पाठीमागं बघितलं. तिथं काही नव्हतं.

"गेंडा मेला का?" त्यांनी पौर्णिमाला विचारलं. विचारायचं हळू होतं, पण भोंग्याचा माइक त्यांच्या तोंडाशीच होता. पारावरची माणसं उठून दारात आली.

"वाचल्यावर कळंल," पौर्णिमा म्हणाली.

"मग आण की तो भाग."

"न्हाय आप्पा. पुस्तक खोलीबाहेर द्यायचं न्हाय. तुमच्या घरी बंब हाय."

*

दुसऱ्या दिवशी सकाळी सारजाबाई रिकामं लाल फडकं डोक्यावर घेऊन निघाल्या. मागं शिवकन्या, मागं शिवगंगा, मागं अख्ख्या गावच्या बाया, आणि त्यांच्या मागं, आपण वेगळ्याच कामाला निघालोय असा चेहरा करून, पुरुष. खालच्या वस्तीत एवढी गर्दी एकदम आली तेव्हा लोकांना वाटलं, कुणीतरी गेलं. मग भोंगा उतरताना दिसला आणि सगळ्यांचा जीव भांड्यात पडला.

पौर्णिमाने खोलीत सतरंजी अंथरली होती. सारजाबाईंनी टेबलावर लाल फडकं पसरलं, त्यावर दुसरा भाग ठेवला आणि सवयीने हात जोडले. मग पौर्णिमाकडे बघून म्हणाल्या, "नारळ फोडू का?"

"फोडा की आत्या. खोबरं खाऊ."

पुरुष बाहेरच घुटमळत होते. महारुद्र आप्पा चपला हातात घेऊन दारापर्यंत आले, आत बघितलं, आणि उंबऱ्याबाहेर पायरीवर अंग चोरून बसले.

पौर्णिमा उठून दाराशी गेली. "आप्पा, आत या. आमच्यात पायरीवर कुणाला बसवत न्हाईत."

कुणी पाहतंय का म्हणून आप्पांनी मागं वळून पाहिलं, तर अख्खं गाव पाहत होतं. मग ते उठले, उंबरा ओलांडून आत आले आणि डाव्या कपाटाला टेकून बसले. चपला अजून हातातच होत्या. पौर्णिमाने त्या काढून घेतल्या आणि दाराशी ठेवल्या.

शिवकन्येने पुस्तक उघडलं. या वेळी पहिल्या पानावरच्या शिक्क्यावर बेलाचं पान ठेवायची गरज नव्हती.

"सूनबाई," आप्पा खाकरले, "ते पहिलं निवांत वाचू मागनं. आधी गेंड्याचं काय झालं तेवढं बघ."

शिवकन्येने पदर सावरला आणि पहिलं पान धरलं.

"मामा," ती म्हणाली, "पोथी मधनंच धरायची नसती. घर बुडतं."